इंग्लंडमध्ये एडीएचडीची खासगी तपासणी आणि औषधाचा डोस बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीएचडी म्हणजे लहानपणापासून लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा. त्याबद्दल स्लाऊ, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर प्रौढांवर आहे, मुलांविषयी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. माहिती इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. डोसचे आकडे दिलेत ते डॉक्टरांशी बोलताना संदर्भ असावा म्हणून. ते वाचून स्वतःची गोळी स्वतः वाढवू नका.

एनएचएस फुकट आहे, मग खासगीत जायचंच कशाला?

रांगेमुळे. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, प्रौढांच्या एडीएचडी तपासणीसाठी बऱ्याच भागांत काही वर्षं थांबावं लागतं, आणि काही ठिकाणी नवीन नावं घेणंच बंद केलेलं असतं. तेवढ्यात नोकरी जाते, संसारात खटके उडतात, कोणी पीएचडी अर्धवट सोडतं. म्हणून लोक पैसे मोजायला तयार होतात. पण मार्ग दोन नाहीत, तीन आहेत: स्थानिक एनएचएस सेवा, 'राइट टू चूज' आणि पूर्ण खासगी. मधला मार्ग आपल्याकडे अनेकांना माहीतच नसतो. तो आधी पाहावा.

राइट टू चूज म्हणजे नक्की काय? वर्क व्हिसावर असलेल्यांना चालतं का?

इंग्लंडमधल्या रुग्णाला पहिल्या तपासणीसाठी कुठे जायचं ते निवडायचा कायदेशीर हक्क आहे, आणि २०१४ पासून तो मानसिक आरोग्यालाही लागू आहे. जीपीने (तुमच्या फॅमिली डॉक्टरने) रेफर केलं आणि तुम्ही निवडलेल्या संस्थेकडे एनएचएसचं कंत्राट असलं, की बिल एनएचएस भरते. संस्था खासगी असली तरी तुम्ही एनएचएसचेच रुग्ण राहता, त्यामुळे औषधालाही एनएचएसचाच दर लागतो.

व्हिसावर असाल तर तुम्ही इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलेला असतो. प्रौढांसाठी तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आहे. तो भरलेला माणूस इथल्या रहिवाशासारखीच एनएचएस वापरू शकतो. 'आपण बाहेरचे, आपल्याला कुठे मिळणार' असं मनाशीच ठरवून गप्प बसू नका, त्याचे पैसे तुम्ही आगाऊ दिलेत.

अडचणी मात्र आहेत. याही मार्गावर आता महिनोन्महिने थांबावं लागतं. काही संस्था फक्त निदान करतात, औषध सुरू करत नाहीत. काहींकडे निदानानंतर औषधासाठी वेगळी, दुसरी रांग असते. ते आधीच विचारून घ्या.

पूर्ण खासगीत खर्च किती येतो?

प्रौढांच्या तपासणीला साधारण ५०० ते १,२०० पौंड, काही ठिकाणी त्याहून जास्त. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. त्याच्यापुढचे आकडे शोधावे लागतात: डोस बसवण्याच्या काळातली प्रत्येक भेट, प्रत्येक चिठ्ठीची फी, आणि वर औषधाची पूर्ण किंमत. खासगी चिठ्ठीवर औषध महिन्याला शंभर पौंडांच्या आसपास सहज जातं. तेच एनएचएसच्या चिठ्ठीवर ९.९० पौंडांना मिळतं (हा दर मे २०२४ पासूनचा). वर्षभराचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट ११४.५० पौंडांना काढलं, तर कितीही चिठ्ठ्या त्यात बसतात.

म्हणजे तपासणी हा एकदाचा खर्च आहे. औषध खासगीतच चालू राहिलं तर तो दर महिन्याचा होतो. घराचा हप्ता आणि पाळणाघराचं बिल भरणाऱ्या कुटुंबाने हिशोब दुसऱ्या आकड्यावर करावा.

कंपनीच्या मेडिकल इन्शुरन्सवर फार भिस्त ठेवू नका. बऱ्याच पॉलिसींत एडीएचडी वगळलेलं असतं. एचआरला नाही, विमा कंपनीलाच फोन करून विचारा.

पैसे भरण्याआधी जीपीला काय विचारायचं?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक जण तो निदान हातात आल्यावर विचारतात.

डोस बसला, प्रकृती स्थिरावली, की खासगी डॉक्टर जीपीला पत्र लिहितो: यापुढे चिठ्ठ्या तुम्ही द्या, वार्षिक तपासणी मी करतो. याला 'शेअर्ड केअर' म्हणतात. हे पत्र स्वीकारायचं बंधन जीपीवर नाही. चिठ्ठीवर जो सही करतो त्याच्यावर त्या औषधाची जबाबदारी येते, त्यामुळे जीपी नाही म्हणू शकतो, आणि अनेक सर्जरी (जीपींचे दवाखाने) खासगी निदानाला सरसकट नाही म्हणतात. मग १,००० पौंड खर्चून मिळालेला अहवाल फाइलमध्ये राहतो आणि औषध महिन्याला शंभर पौंडांनी सुरू राहतं.

म्हणून आधी सर्जरीला लेखी विचारा. ईमेल किंवा सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म चालेल, फोनवर रिसेप्शनिस्टने दिलेलं 'बहुतेक हो' चालणार नाही. विचारायचं एवढंच: खासगी क्लिनिककडून आलेलं एडीएचडीचं शेअर्ड केअर तुमची सर्जरी स्वीकारते का? कोणत्या अटींवर? राइट टू चूजमधून आलेलं स्वीकारता का? नको असलेली क्लिनिक कोणती आहेत का?

उत्तर 'नाही' आलं तर तीन पर्याय उरतात: राइट टू चूज घ्यायचं, सर्जरी बदलायची, किंवा कायमचा खर्च धरून चालायचं. जीपीशी भांडून काही निघत नाही. आणि एका सर्जरीचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार नव्हे. कधी कधी दोन गल्ल्या पलीकडची सर्जरी हो म्हणते.

क्लिनिक बरं की वाईट, ओळखायचं कसं?

२०२३ च्या मे महिन्यात बीबीसीच्या एका वार्ताहराने रुग्ण बनून तीन खासगी क्लिनिकांत ऑनलाइन तपासणी करून घेतली. तिन्हींनी एडीएचडीचं निदान दिलं, तर एनएचएसच्या तज्ज्ञाने सविस्तर तपासून एडीएचडी नाही असं सांगितलं. तेव्हापासून जीपी खासगी अहवाल अधिक संशयाने वाचतात. तुम्ही निवडलेल्या क्लिनिकचा अहवाल त्या नजरेला टिकला पाहिजे.

नाइस या उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या सरकारी संस्थेची मार्गदर्शिका एनजी८७ (२०१८ची) म्हणते की निदान प्रशिक्षित तज्ज्ञाने करावं, त्यात पूर्ण मानसिक आणि सामाजिक इतिहास असावा, बालपणाची माहिती असावी, आणि नुसत्या प्रश्नावलीच्या गुणांवर निदान करू नये. तेव्हा वीस मिनिटांत 'हो, तुम्हाला आहे' म्हणणारा माणूस स्वस्त असला तरी महागात पडतो.

क्लिनिकची केअर क्वालिटी कमिशनकडे (आरोग्यसेवांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) नोंद आहे का पाहा, आणि डॉक्टरचं नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधा. दोन्ही याद्या ऑनलाइन खुल्या आहेत. तपासणारा मानसशास्त्रज्ञ असेल तर निदान देऊ शकतो, पण औषध लिहू शकत नाही. मग डोस बसवायला दुसरं दार ठोठवावं लागतं. परिचारिका किंवा फार्मसिस्ट औषध लिहिणार असेल तर त्यात बिघडत काही नाही. प्रशिक्षण असेल तर ही मंडळी अनेकदा डॉक्टरपेक्षा जास्त वेळ देतात.

तपासणीत काय विचारतात?

आधी फॉर्म येतात. त्यात बहुधा १८ प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली असते. ती चाळणी आहे, निदान नव्हे. मग तास-दीड तासाची, कधी दोन तासांची मुलाखत होते. डीएसएम-५ या निकषावलीत लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. १७ वर्षं आणि त्यापुढच्यांना कोणत्याही एका गटातली किमान पाच लागतात. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात, एकाहून जास्त ठिकाणी (म्हणजे घरीही आणि कामावरही) दिसावी लागतात, आणि त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो.

प्रत्येक प्रश्नाला उदाहरण द्या. 'हो, मी विसरभोळा आहे' याला फारसा अर्थ नाही. 'कौन्सिल टॅक्सची तीन स्मरणपत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये पडली आणि कोर्टाची नोटीस आली' याला आहे. आपल्या लोकांची एक खोड इथे नडते: डॉक्टरसमोर आपण नीटनेटके, 'तसं ठीक आहे' म्हणणारे होतो. त्या दिवशी तसं होऊ नका.

माझी आई साताऱ्यात आहे, इंग्रजी येत नाही. बालपणाची माहिती कोण देणार?

आईच देणार. क्लिनिकला आधी सांगा. एनएचएसच्या पैशांनी तपासणी होत असेल तर दुभाष्या मागता येतो. खासगीत क्लिनिक बहुधा फॉर्म पाठवतं, तो तुम्ही आईला फोनवर वाचून दाखवून तिची उत्तरं लिहू शकता; तसं केल्याचं फॉर्मवर नमूद करा. जमलं तर हे काम भावाने किंवा बहिणीने करावं, कारण तुमच्यासमोर आई मोकळेपणाने बोलेलच असं नाही.

तिला 'लक्ष लागायचं का' असं विचारू नका. मराठी आई एकतर 'माझं लेकरू फार हुशार' म्हणेल नाहीतर 'नुसता उनाड होता' म्हणेल. त्यापेक्षा विचारा: डबा, छत्री, कंपासपेटी किती वेळा हरवायची? गृहपाठाला शेजारी बसावं लागायचं का? बाईंनी शाळेत बोलावलं होतं का, कशासाठी? जेवताना ताटावरून किती वेळा उठायचा?

जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर सोन्याहून पिवळं. शेऱ्यांचा रकाना पाहा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वर्गात बडबड करते', 'अक्षर सुधारावे', 'वह्या अपूर्ण' हे शेरे फोटो काढून, खाली इंग्रजी भाषांतर लिहून जोडा. आईवडील हयात नसतील किंवा त्यांना सांगायचंच नसेल तर मोठं भावंड, मावशी, शाळेपासूनचा मित्र चालतो. कोणीच नसेल तरी तपासणी अडत नाही, फक्त तज्ज्ञाला जास्त खोदून विचारावं लागतं.

दहावीला ९२ टक्के होते. मग एडीएचडी कसं असेल?

असू शकतं. वडील शेजारी बसून अभ्यास घेत होते, क्लास सकाळ-संध्याकाळ होता, दिवसाची प्रत्येक घटका दुसऱ्या कोणीतरी आखून दिली होती. हॉस्टेलला गेल्यावर किंवा इथे एकट्याने राहायला लागल्यावर ती चौकट गेली आणि घसरण सुरू झाली, ही हकिगत पुष्कळ ऐकू येते. मुलींच्या बाबतीत आणखी उशीर होतो, कारण शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञाला गुणांच्या जोडीने ते गुण कसे मिळाले तेही सांगा.

एडीएचडी नसून दुसरं काही असेल तर?

ही शंका चांगली आहे आणि स्वस्तात फिटते. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी१२ ची कमतरता बरीच आढळते, तिने थकवा येतो आणि डोकं जड राहतं. थायरॉइड, लोह, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंता, बाळंतपणानंतरचा शीण या सगळ्यांत लक्ष उडतं. जीपीकडून रक्त तपासून घ्या. फरक काळात आहे: हे सगळं कधीतरी सुरू झालेलं असतं, एडीएचडी लहानपणापासून सोबत असतं. दोन्ही एकदम असू शकतं, हेही खरं.

औषध सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या?

वजन, नाडी, रक्तदाब आणि हृदयाचा इतिहास. इसीजी सगळ्यांना लागत नाही. पण श्रमाने चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, धडधड, हृदयाचा जन्मजात दोष, किंवा आईवडील-भावंडांपैकी कोणाचा चाळिशीच्या आत अचानक मृत्यू, यातलं काही असेल तर आधी हृदयाची तपासणी होते. घरात हृदयविकार आणि रक्तदाब असणं आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की सांगायचं सुचत नाही. सांगा. आयुर्वेदिक काढे, अश्वगंधा, वजन कमी करण्याच्या पावडरी चालू असतील तर तेही सांगा.

आधी कोणतं औषध देतात?

प्रौढांना लिसडेक्सॲम्फेटामिन (एलव्हान्स) किंवा मेथिलफेनिडेट (कॉन्सर्टा एक्सएल, मेडिकिनेट एक्सएल वगैरे). एक पुरेशा डोसवर सहा आठवडे घेऊन फायदा झाला नाही तर दुसरं. दोन्ही जमली नाहीत तर ॲटोमोक्सेटीन, जे उत्तेजक गटातलं नाही आणि ज्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

मेथिलफेनिडेटचे दीर्घकाळ चालणारे ब्रँड एकसारखे नसतात. एकूण मिलिग्रॅम सारखे असले तरी सकाळी किती सुटतं आणि दुपारी किती, याचं प्रमाण वेगळं असतं. फार्मसीने अचानक वेगळा डबा दिला तर प्रिस्क्रायबरला (औषध लिहून देणाऱ्याला) विचारल्याशिवाय गप्प घेऊ नका.

डोस बसवतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

कमीत कमी डोसने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवत जातात; इथे त्याला टायट्रेशन म्हणतात. कॉन्सर्टा एक्सएल बहुधा १८ मिलिग्रॅमने सुरू होतं आणि १८-१८ ने वर जातं: ३६, ५४. एलव्हान्स बहुधा ३० ने सुरू होतं, मग ४० किंवा ५०, आणि कमाल ७०. दोन टप्प्यांत किमान आठवडा असतो. प्रत्यक्षात भेटी आणि चिठ्ठ्या महिन्यामहिन्याने होतात, म्हणून सगळं मिळून दोन-तीन महिने धरावेत, औषध बदलावं लागलं तर आणखी.

प्रत्येक टप्प्यावर रक्तदाब आणि नाडी मोजून कळवावी लागते. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. सकाळी गोळीआधी एकदा आणि औषध अंगात असताना एकदा, पाच मिनिटं शांत बसून मोजा. जिना चढून आल्यावर, किंवा मुलाला बूट घालायला लावता लावता मोजलेली नाडी काही कामाची नाही.

आणि रोज दोन ओळी लिहा. गोळी किती वाजता घेतली, परिणाम कधी जाणवला, कधी उतरला, झोप, जेवण, चिडचिड, आणि त्या दिवशी करायचं ठरवलेलं एखादं कंटाळवाणं काम झालं की नाही. भेट पंधरा मिनिटांची असते. 'बरं वाटतंय' एवढंच सांगितलंत तर प्रिस्क्रायबरला अंदाजाने डोस ठरवावा लागतो. लिहायला विसराल, ती तर आजाराची खूणच आहे. म्हणून मोबाइलवर गजर लावा, किंवा नवऱ्याला, बायकोला आठवड्यातून एकदा विचारायला सांगा. घरच्यांना फरक बऱ्याचदा आपल्याआधी दिसतो.

डोस बरोबर बसलाय हे कळायचं कसं?

पहिल्या दोन-तीन दिवसांत काहींना अगदी उत्साहाचं भरतं येतं, रात्री अकराला कपाट आवरायला घेतात. तो परिणाम ओसरतो, आणि ओसरला म्हणून डोस कमी पडला असं नव्हे. तो उत्साह परत मिळवायला डोस वाढवत नेणं ही टायट्रेशनमधली नेहमीची गफलत आहे.

बसलेला डोस तसा निरस असतो. ईमेल उघडलं आणि उत्तर दिलं. मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबता आलं. किल्ल्या हरवल्या नाहीत, पण त्याचं विशेषही वाटलं नाही.

डोस जास्त झाल्याच्या खुणा: छातीत धडधड, जबडा आवळणं, एकाच गोष्टीत तासन्तास अडकणं, विनोदावर हसू न येणं, 'तू आजकाल दगडासारखा झालायस' असं घरच्यांनी म्हणणं. असं झालं तर एक पायरी खाली यावं लागतं, आणि खाली येणं म्हणजे हरणं नव्हे. परिणाम जाणवतच नसेल आणि त्रासही नसेल तर वर जायला जागा आहे. कमी-जास्त कोणत्याही डोसवर फक्त त्रासच होत असेल तर औषध बदलायची वेळ आली.

मित्र ७० वर आहे, माझं ३० वरच थांबवलं. वजनावर असतं का?

प्रौढांना उत्तेजक औषधांचा डोस वजनावर ठरत नाही. सहा फुटी माणसाला ३० पुरतं आणि सडपातळ बाईला ६० लागतं, असं होतं. आकडा आजाराची तीव्रताही सांगत नाही. फायदा पुरेसा आणि त्रास सोसण्याइतका, असा सर्वांत कमी डोस तुमचा.

दुपारी चारनंतर सगळं उतरतं आणि मुलांवर ओरडतो. डोस वाढवायचा का?

बहुधा नाही. सकाळी बारापर्यंत छान चालत असेल तर डोस पुरेसा आहे, तो पुरत नाही फक्त वेळेला. यावर उपाय वेगळे असतात: गोळीची वेळ बदलणं, जास्त तास चालणाऱ्या औषधाकडे जाणं, किंवा दुपारी छोटा, थोड्या तासांचा डोस जोडणं. प्रिस्क्रायबरला 'कमी पडतंय' असं न सांगता 'इतक्या वाजता उतरतं' असं सांगा. ही एक गोष्ट नीट सांगितली तर एक-दोन महिने वाचतात. दुपारचं जेवण वगळलेलं असतं हेही चारच्या चिडचिडीचं कारण असतं, ते आधी तपासा.

भूक लागत नाही. उपवास चालतो का? आणि चहा?

भूक मरणं हा सर्वांत नेहमीचा त्रास. गोळीआधी पोटभर नाश्ता करा: पोहे, अंडी, थालीपीठ, जे असेल ते. मेडिकिनेट एक्सएल तर अन्नाबरोबरच घ्यायचं असतं, रिकाम्या पोटी ते हवं तसं सुटत नाही. म्हणजे कडक निर्जळी उपवास आणि हे औषध जमत नाही. चतुर्थी-एकादशी करत असाल तर टायट्रेशनच्या आधीच विषय काढा, औषध निवडताना उपयोग होतो. नवरात्राचे नऊ दिवस करणाऱ्यांनी तर नक्कीच.

चहा बंद करायची गरज बहुतेकांना पडत नाही. पण दिवसाला पाच कप घेणाऱ्याला नाडी ११० दिसली तर दोष गोळीचा की चहाचा कळणार कसं? टायट्रेशनपुरता एक-दोन कपांवर या आणि रोज तेवढाच घ्या. दारूबद्दल प्रिस्क्रायबरशी खरं बोला. औषधामुळे चढल्याचं लवकर जाणवत नाही आणि मोजमाप चुकतं.

कोणत्या त्रासात थांबायचं नाही, लगेच मदत घ्यायची?

छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, श्वास अडकणं यासाठी ९९९. नसलेले आवाज ऐकू येणं, कोणी पाठलाग करतंय असं वाटणं, जीव द्यावासा वाटणं यासाठी १११ वर फोन करून २ दाबा. जीव धोक्यात असेल तर ९९९. बसल्या जागी नाडी सतत १२० च्या वर असेल तर पुढची गोळी घेण्याआधी क्लिनिकला कळवा.

फार्मसीत दर महिन्याला एवढी कटकट का?

एलव्हान्स आणि मेथिलफेनिडेट इथल्या कायद्याने दुसऱ्या अनुसूचीतली नियंत्रित औषधं आहेत. चिठ्ठी २८ दिवस वैध, एकावेळी साधारण ३० दिवसांचंच औषध, आणि घेताना ओळखपत्र मागू शकतात. खासगी चिठ्ठीसाठी गुलाबी रंगाचा खास फॉर्म असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये या औषधांच्या देशव्यापी तुटवड्याचा इशारा निघाला होता, आणि त्यानंतरही काही डोस मधूनच गायब होत आले आहेत. औषध संपायच्या दहा दिवस आधी मागणी करा. मोठ्या साखळीपेक्षा कोपऱ्यावरची एकच फार्मसी धरून ठेवली तर तो माणूस तुमच्यासाठी मागवून ठेवतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

भारतात जाताना औषध नेता येतं का?

मूळ डब्यात, चिठ्ठीच्या प्रतीसह आणि डॉक्टरच्या पत्रासह, हातातल्या सामानात. पत्रात नाव, प्रवासाच्या तारखा, औषध, डोस आणि एकूण गोळ्या असाव्यात. तीन महिने किंवा त्याहून जास्त पुरेल एवढं नेत असाल तर ब्रिटिश गृहखात्याचा परवानाही लागतो. भारतात मेथिलफेनिडेट आणि डेक्सॲम्फेटामिन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा निघण्याआधी भारतीय उच्चायुक्तालयाकडे विचारणा करा. वाटेत दुबईत उतरून दोन दिवस राहणार असाल तर अमिरातीची पूर्वपरवानगी आधी काढावी लागते.

एलव्हान्स तिकडच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे संपलं तर पुण्यात घेऊ असं म्हणू नका. आणि उलट दिशेने, येणाऱ्या काकांबरोबर तिकडून इन्स्पिरलच्या (तिकडच्या मेथिलफेनिडेटच्या) पट्ट्या मागवू नका. क्रोसिन आणि व्होलिनीची गोष्ट वेगळी. हे नियंत्रित औषध आहे, आणि अडकणार आहेत ते काका.

मुंबईत निदान झालं होतं आणि औषध चालू होतं. इथे परत सगळं करायचं?

लेटरहेडवरचा इंग्रजी अहवाल, औषधाचं नाव, डोस आणि कधीपासून, एवढं घेऊन जीपीकडे जा. जीपी स्वतः ते औषध सहसा सुरू करत नाही, तज्ज्ञाकडे पाठवतो. अहवाल सविस्तर असेल तर काही क्लिनिक पूर्ण तपासणीऐवजी छोटी फेरतपासणी करतात. तिकडच्या डॉक्टरांकडून नुसत्या चिठ्ठीऐवजी असा अहवाल निघण्याआधीच घेतला तर इथे पुष्कळ सोपं जातं.

व्हिसा, नोकरी, गाडी: यावर परिणाम होतो का?

व्हिसाच्या किंवा आयएलआरच्या (कायम वास्तव्याच्या) अर्जात एडीएचडीबद्दल प्रश्न नसतो. नोकरीत सांगणं तुमच्या मर्जीवर आहे. सांगितलंत तर २०१० च्या समानता कायद्याखाली कामात सोयी मागता येतात. गाडीचं असं: एडीएचडीमुळे किंवा औषधामुळे सुरक्षित चालवण्यावर परिणाम होत असेल तर डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवणं बंधनकारक आहे. एलव्हान्स घेणाऱ्यांनी चिठ्ठीची प्रत गाडीत ठेवावी, कारण पोलिसांच्या चाचणीत ॲम्फेटामिन दिसू शकतं. सांगितल्याप्रमाणे औषध घेत असाल आणि चालवणं बिघडलेलं नसेल तर कायद्यात बचाव आहे.

मुलासाठीही हेच सगळं?

थोडं वेगळं. शाळेचं म्हणणं महत्त्वाचं असतं, म्हणून पहिली भेट वर्गशिक्षकाची आणि शाळेतल्या सेन्कोची (विशेष गरजा असलेल्या मुलांचं पाहणाऱ्या शिक्षकाची) घ्या. पाच वर्षांवरच्या मुलांत औषध लागलं तर पहिली निवड मेथिलफेनिडेट असते, आणि उंची-वजन ठरावीक अंतराने मोजतात. आजी व्हिसावर आली असेल आणि 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणत असेल, तर तिला क्लिनिकला न्यायची सक्ती नको, पण गोळी लपवून देऊ नका; मुलाला ते कळतं.

घर बदललं, नवीन जीपी आला. मग?

शेअर्ड केअर आपोआप पुढे जात नाही. नव्या सर्जरीला पुन्हा विचारावं लागतं, आणि ती नाही म्हणू शकते. घर बघायला जाल तेव्हाच त्या भागातल्या सर्जरीला ईमेल करा. क्लिनिकचा शेअर्ड केअरचा करार, शेवटचं वार्षिक तपासणीचं पत्र आणि शेवटच्या तीन बीपीच्या नोंदी एका पीडीएफमध्ये ठेवा. जुन्या सर्जरीतून नाव निघण्याआधी एक महिन्याचं औषध हातात असू द्या. स्कॉटलंडला जात असाल तर तिथे चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, पण राइट टू चूजही नाही, आणि खासगी निदानाचं शेअर्ड केअर मिळवणं तिथेही सोपं नाही.